दिघीच्या खाडीवरची पोपटी

"कोंड्या, तुला खोकता येतं का रे?"

माझी थोरली बहीण ठमाबाई मला असं विचारत होती. तोवर मी रंगभूमीवर हरतऱ्हेने मेलेला होतो. विषाने मेलो होतो, तलवारीने मेलो होतो, पुत्रशोकाने तर इतक्या वेळा मेलो होतो की कंपनीचा पेटीवाला माझ्या शेवटच्या हुंदक्याआधीच भैरवीचा सूर धरायचा. मी जरा ताठून म्हणालो, "ताई, मी खोकलो की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावतात."

"त्या लावूदेत. तुझ्या दाजींना खरं वाटंल असं येतं का, ते सांग."

मग मात्र मी खाली बसलो. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अंबाजीला, खरं वाटायला लावणं हे मुंबईच्या प्रेक्षकाला रडवण्याहून अवघड होतं. हा माणूस माझं एकच नाटक बघायला आला होता आणि मी मेल्यावर शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाला होता, "उठंल आता, चहा प्यायला."

अठ्ठावन्न सालचा हिवाळा होता. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा आणि म्हसळ्यात थंडी अशी पडायची की सकाळी चुलीपुढची जागा धरायला घरातली माणसं एकमेकांना ढकलायची. भात कापून झालं होतं, त्याच ओलीवर वाल आला होता, शेंगा भरल्या होत्या. माझी कंपनी दौऱ्यावरून परतून थोडी विसावली होती, म्हणून मी धरमतरपर्यंत लाँचने आणि पुढे एस.टी.ने धक्के खात बहिणीकडे आलो होतो. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच हा प्रश्न.

ताई बुटकी, सुकट अंगाची, मिश्रीने दात काळे केलेली. तिचा राग तोंडातून कधी यायचा नाही. राग आला की ती अंगण झाडायची. आदल्या वर्षी पावसाळ्यानंतर एक दिवस ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अंगण झाडत राहिली होती. मातीचा थर निघून खालचा मुरूम दिसायला लागला तरी झाडत होती. त्या दिवशी खाडीपलीकडून निरोप आला होता की तिच्या एकुलत्या एक मुलीचं, बायजाचं, पहिलं मूल दिवस भरायच्या आधीच जन्मलं आणि गेलं.

बायजा दिली होती आगरदांड्याच्या बाजूला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही आपली रीत. मुलीला माहेरचं माणूस आणायला जातं, तेव्हा सासरचे पाठवतात. पण बायजाला आणायला कोणी गेलंच नव्हतं, आणि ते का, तर लग्नातला विडा.

लग्नात पहिला पानाचा विडा दाजींनी वरपक्षातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातावर ठेवला. आमच्या गावात वयाचा मान पहिला. बायजाच्या सासऱ्याच्या, बुधाजीच्या, गावात मान पहिला वरबापाचा. बुधाजी भरल्या मांडवातून उठला आणि म्हणाला, "ह्या घरात रीत शिकवलेली दिसत न्हाय." दाजी म्हणाले, "मग तुमच्या गावचं पाणी मला वर्ज्य." झालं. त्या दिवसापासून बुधाजीचं एकच म्हणणं: अंबाजी स्वतः आला तर पोर पाठवीन, दुसऱ्या कुणाबरोबर नाही. आणि दाजी जायला तयार नव्हते. एका मुलाचा जीव त्यात गेला, तरी दोघांपैकी एकही हलला नाही.

"बायजाला सातवा लागतोय," ताई म्हणाली. तिने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. "मागल्या खेपेला सातव्यातच गेलं. इथं सखुबाय दाई हाय, तिच्या हाताखालनं अख्खं म्हसळं बाहेर आलंय. तिथं कोन न्हाय. ह्या खेपेला मी पोरीला आणनार."

"कशी?"

"सहल काढून."

आता आमच्या घराण्यात सहल हा शब्द कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. पण तिचा बेत ऐकला आणि मी मनोमन तिला नमस्कार केला. जावई हिरामण मुंबईला गोदीत होता. संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी तो गावी येणार होता. ताईने त्याला मध्यस्थाकडून कानमंत्र दिला होता: बायजाने सासूला सांगायचं, मला डोहाळे लागलेत, माहेरच्या शेतातल्या वालाची पोपटी खावीशी वाटते. गर्भारणीचे डोहाळे मोडायची छाती बुधाजीचीसुद्धा नव्हती. शिवाय त्याची बायको आवडाबाई मनाने मऊ होती. आणि सुनेला तो एकटी सोडणारा नव्हता, म्हणजे सोबत तोच येणार. आणि पोपटी, म्हणजे पाल्यात कोंडून मडक्यात भाजलेल्या शेंगा, काही पदरात बांधून पाठवता येत नाही. मडक्यातून काढली की गरमागरम खायची, नाहीतर ती नुसती उकडलेली शेंग.

"म्हणून पोपटी लावायची दिघीला, खाडीच्या काठावर," ताई म्हणाली. "ना आमचं घर, ना त्यांचं. पोपटीला पाट न्हाय, ताट न्हाय. पेंढ्यावर ओतायची नि सगळ्यांनी उकिडवं बसून खायची. कुनाला आधी वाढलं, कुनाला मागनं, हे भांडनच न्हाय. एकदा दोघं एका ढिगातनं खायला लागले की मग मी बघते."

"आणि दाजींना काय सांगणार?"

"ते तुझं काम. तुझी छाती धरलीय. डाक्टर बोलला, खाडीचं वारं घ्या. मेव्हण्यासाठी ते येतील. तू फक्त खोक."

शुक्रवारी दिवसभर तयारी चालली आणि मी दिवसभर खोकत होतो. ताईने शेंगा खुडून आणल्या, भांबुर्ड्याचा पाला आणला, जाडं मीठ, ओवा, रताळी, अंडी. काळं मडकं तिने तीनदा वाजवून पाहिलं. गाडीत पेंढा इतका भरला की दाजींनी विचारलं, "पोपटी लावायचीय का लंका जाळायचीय?"

"कोंड्याला धक्के बसतात," ताई म्हणाली. पेंढा कुणासाठी होता ते मला माहीत होतं. मी खोकलो.

दाजी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "राजे," ते म्हणाले, मी राजांची कामं करायचो म्हणून ते मला असाच टोमणा मारायचे, "तुमचा खोकला मी आलो की येतो नि गेलो की जातो. जरा विचित्रच दुखनं हाय."

ताई मडक्यावर वाकली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबलेला मी पाहिला.

शनिवारी उजाडता गाडी जुंपली. धुक्यातून बैलांच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. दाजी पुढे, मी नि ताई पेंढ्यात. बोर्लीपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे बैलांना पाणी दाखवायला थांबलो आणि ओळखीची नीराबाई डोक्यावर टोपली घेऊन समोरून आली. तिने ताईला पाहिलं, आनंदाने ओरडली, "अगं ठमा! पोरीला आनायला निघालात व्हय? बरं केलंत गो, बरं केलंत!"

ताईने एवढंच म्हटलं, "कोंड्याला वारं खायला नेतोय." नीराबाई काही तरी उमगून गप्प झाली आणि भराभर निघून गेली. ते तर अधिकच वाईट झालं.

दाजी बैलांच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. पाण्याची बादली त्यांच्या हातात तशीच. मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत, पडदा उघडायच्या आधीची, वाक्य विसरल्यानंतरची. तसली शांतता मात्र पुन्हा ऐकली नाही. तिथून गाडी वळवली असती तर बायजा खाडीकाठी येऊन आम्हाला शोधत बसली असती आणि बुधाजीने तिला पुन्हा कधी काठावरसुद्धा येऊ दिलं नसतं.

"कोंडाजी," दाजी पाठमोरेच म्हणाले. नाव घेऊन त्यांनी मला हाक मारली नव्हती कधी. "दिघीला काय हाय?"

मला खोकणंही सुचलं नाही. ताई म्हणाली, "खाडी हाय. बसा गाडीवर. शेंगा सुकतात."

त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी ओतून दिलं. मग बादली अडकवली, जू चढवलं आणि गाडी हाकली. दिघीच्याच दिशेने. त्यांना तिथे कळलं होतं का, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नसतं.

दिघीला पोचलो तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. काठापासून थोडं वर कोरड्या गवताची मोकळी जागा होती. तिथे ताईने मडक्याच्या तळाला पाला घातला, शेंगा, मीठ, ओवा असे थर लावले, तोंडाला पुन्हा पाला दाबून बसवला आणि मडकं पालथं घातलं. वर पेंढा रचला. मग तिने पल्याड पाहिलं. आगरदांड्याकडून एक मचवा निघाला होता, शीड अर्धं फुगलेलं. तिने काडी ओढली. जाळ भडकला.

सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. फक्त एक गोष्ट तिने धरली नव्हती. आम्ही भातवाली माणसं, सूर्य बघून वेळ ठरवणारी. खाडीचं पाणी कधी चढतं, कधी उतरतं, हे आमच्या घरात कुणी कधी विचारात घेत नाही. तिने दुपारची वेळ दिली होती आणि दुपारी ओहोटी होती.

मचवा काठाच्या जवळ आला आणि थांबला. काठ आणि मचवा यांच्यामध्ये चिखलाचा चकाकणारा पट्टा होता, त्यावर गुडघाभर पाणी, आणि तेही सरकत चाललेलं. मचवा हाकणारा तांडेल ओरडला, "लवकर उतरा! पानी जातंय. मचवा बसला तर सांजेच्या भरतीबिगर उठायचा न्हाय!"

मचव्यात हिरामण उभा होता. बुधाजी मधल्या फळीवर बसला होता, डोक्याला पांढरं मुंडासं, गुडघ्यावर हात. त्याच्या मागे लुगड्याचा पदर घट्ट धरून बायजा. एवढी बारीक झालेली की तिचं पोट कुणी बाहेरून बांधल्यासारखं दिसत होतं.

दाजींनी तिला पाहिलं. व्याह्याला पाहिलं. ते गाडीकडे गेले आणि बैलाचा दोर सोडायला लागले.

"अवो," ताई म्हणाली.

"तुझी पोपटी तू खा."

तिकडे हिरामण बापाला म्हणत होता, "बा, उतरा ना. मी धरतो."

"बोलावनं कुठाय?" बुधाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "सुनेचे डोहाळे म्हनून मी आलो, काठापर्यंत आलो. आता काठावरच्यानं या म्हनावं. मी काय भिकारी हाय, जाळ बघून धावत जायला?"

ताईचा चेहरा मी पाहिला. घर नाही, पाट नाही, ताट नाही, सगळं तिने काढून टाकलं होतं. हा माणूस मचव्याच्या फळीलाच उंबरठा करून बसेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग मला वाटलं, आता माझा प्रवेश. धोतर खोचलं आणि चिखलात शिरलो. पाणी बर्फासारखं. छाती भरून म्हणालो, "व्याहीबुवा, या! मी मुलीचा मामा. तिला न्यायला मी आलोय!"

बुधाजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाटकातला मामा नको," तो म्हणाला. "बाप हाय ना तिला? मी बघतोय त्याची पाठ."

दाजींची पाठ खरंच आमच्याकडे होती. दोर त्यांच्या हातात होता, पण गाठ सुटत नव्हती, किंवा ते सोडत नव्हते.

"व्हय का न्हाय?" तांडेल वैतागला. "मी परत फिरवतो मचवा. तुमच्या मानपानात माझा मचवा चिखलात रुतंल!"

"फिरव," बुधाजी म्हणाला.

आणि बायजा उठली. तिने कुणाला विचारलं नाही. मचव्याच्या कडेवर हात टेकला, पाय पलीकडे टाकला आणि खाली उतरली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं, पाय चिखलात गेले आणि ती झोकांडली. हिरामणने हात पुढे केला तोवर ती दोन पावलं पुढे गेली होती. तिथे ती रुतून उभी राहिली, ना मचव्याजवळ, ना काठाजवळ.

"बायजा!" ताई किंचाळली. मी तिला किंचाळताना तेवढंच ऐकलं.

"मी इथंच थांबते," बायजा म्हणाली. दात वाजत होते तिचे. "तिकडं गेले तर बा बोलत न्हाय. हिकडं ऱ्हायले तर मामंजी बोलत न्हाय. मागल्या खेपेला दोघं गप होते नि माझं मूल गेलं. आता बोला. पानी थंड हाय, मला लई वेळ उभं ऱ्हाता येनार न्हाय."

ती पुन्हा हलली आणि एका बाजूला कलली. मी तिच्याकडे निघालो होतो, पण माझाच पाय असा रुतला की मी हातांवर पडलो. एवढ्यात माझ्या डाव्या अंगाने पाणी उडवत कुणी तरी गेलं. दाजी होते. मचव्यावरून धप्पकन उडी पडली. तो बुधाजी होता, मुंडासं पाण्यात, धोतराचा सोगा चिखलात. दोघांनी तिला एकाच वेळी दोन बाजूंनी धरलं.

"मागं न्या, मचव्यात!" बुधाजी म्हणाला.

"मागं चिखल खोल हाय, दिसत न्हाय का? पुढं जमीन हाय!" लग्नानंतर दाजींनी व्याह्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मग धरा नीट! काखेत हात घाला, दंड काय धरताय!"

"तुमी तुमची बाजू बघा!"

असे भांडत, एकेक पाय उपसत, ते तिला काठावर घेऊन आले. ताईने तिला जाळाजवळ बसवलं, पाय पुसले, पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "हलतंय."

तेव्हा कुठे बुधाजीने खाली पाहिलं आणि त्याला कळलं की तो बोलावल्याशिवाय काठावर चढला आहे. गुडघ्यापर्यंत काळा चिखल. तो वळला. पण मचवा आता तिरका होऊन चिखलात बसला होता आणि तांडेल त्याच्या कडेवर बसून बिडी पेटवत होता. "सांगत होतो मी," तो म्हणाला. "आता बसा सांजपातूर."

बुधाजी ना बसला, ना हलला. अजून काहीच ठरलं नव्हतं. संध्याकाळी पाणी चढलं असतं, तो सुनेला म्हणाला असता चल, आणि तिला जावं लागलं असतं.

दाजी गाडीकडे गेले. पाण्याची कळशी घेऊन आले. व्याह्यासमोर उभे राहिले आणि त्याच्या पायांवर पाणी ओतायला लागले. आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात, तेवढंच. पण दाजी वाकले होते आणि चिखल निघेपर्यंत ओतत राहिले. बुधाजीने एक पाय दुसऱ्यावर घासला, मग दुसरा पहिल्यावर. सगळी कळशी संपली.

"पुरे," बुधाजी म्हणाला. "प्यायला ठेवा."

ताईने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्र आवाज झाला, म्हणजे पोपटी झाली. मागोमाग काठावर आलेल्या हिरामणने काठीने राख सारली, मडकं उचलून तोंडाचा पाला ओढला आणि पेंढ्यावर वाफाळता ढीग पडला. भांबुर्ड्याचा तो उग्र वास अजूनही माझ्या नाकात आहे. तांडेलसुद्धा चिखल तुडवत आला. कुणी कुणाला वाढलं नाही. बुधाजी शेंगा सोलायचा आणि दाणे बायजासमोर सारायचा. दाजी दुसऱ्या बाजूने तेच करत होते. तिच्यापुढे दोन ढीग झाले. ती दोन्हींतून आळीपाळीने खात होती, चुकूनही एकीकडून दोनदा नाही.

"खारट झालीय," बुधाजी म्हणाला.

"आमच्यात असंच मीठ घालतात," दाजी म्हणाले.

"चांगलीय," बुधाजी म्हणाला, आणि पुढची शेंग उचलली.

पाणी चढायला लागलं तसा मचवा सरळ झाला. तांडेलने हाक दिली. हिरामण उठला, बायकोकडे बघत राहिला. बायजा उठली नाही. ताईचा हात मुलीच्या पाठीवर होता आणि तिच्या हाताच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

बुधाजी चिखलाने माखलेलं मुंडासं पिळत होता. त्याने बैलगाडीकडे पाहिलं. "पेंढा पुरेसा हाय का गाडीत?" त्याने दाजींना विचारलं.

"हाय."

"घाटात धक्के बसतील."

"सावकाश नेऊ."

"मग न्या," बुधाजी म्हणाला आणि मचव्याकडे चालू लागला. वाटेत थांबून सुनेला म्हणाला, "आवडाबाय लाडू पाठवील. खा." मागे वळून पुन्हा पाहिलं नाही त्याने.

रात्र आम्ही दिघीत एका ओळखीच्या पडवीत काढली आणि रविवारी सकाळी निघालो. दाजी गाडीवर बसले नाहीत. बैलांच्या पुढे चालत राहिले. चाकोरीत धोंडा दिसला की वाकून बाजूला करायचे, खड्डा दिसला की बैलांना हात दाखवून थांबवायचे. बोर्ली गेली, चढ आला, ऊन झालं, तरी ते चालतच होते. बायजा पेंढ्यात झोपली होती, डोकं आईच्या मांडीवर.

मी हळूच म्हणालो, "ताई, दाजींना म्हण ना, बसा आता."

"चालूदे त्यांना," ताई म्हणाली. "मागल्या वर्षी चालायचं होतं."

चैत्रात सखुबाईच्या हातावर बायजाला मुलगी झाली, भरल्या दिवसांची, रडून घर डोक्यावर घेणारी. खाडीपलीकडे निरोप सांगायला दाजी स्वतः गेले.